वेशीच्या आत

खालापूरचा इतिहास लिहावयाचा म्हणजे एका रस्त्याचा इतिहास लिहावा लागेल. पुण्याहून निघालेली ही वाट खंडाळ्याशी सह्याद्रीचा कडा उतरते, बोरघाटाने खोपोलीस येते, नाना फडणविसांनी बांधविलेल्या तळ्याजवळून पुढे सरकते आणि खालापूर व चौक ही गावे मागे टाकून पनवेलच्या खाडीला जाऊन मिळते. गेल्या दोन शतकांत आमच्या या मुलखात जे काही नवे आले, मग ते हिताचे असो वा अहिताचे, ते बहुधा याच वाटेने आले. तोफा वर नेता याव्यात म्हणून वेलस्लीने १८०४ साली घाटाची वाट दुरुस्त करविली, १८३० साली गव्हर्नर माल्कम याने तेथे गाडीरस्ता खुला केला, १८६३ साली त्याच डोंगरातून बोगदे पाडीत आगगाडी वर चढली, आणि आता द्रुतगती महामार्गावरून अहोरात्र धावणाऱ्या वाहनांचा घोष आमच्या तालुक्यातील कित्येक घरांना पावसाच्या आवाजाइतका सवयीचा झाला आहे.

रोगदेखील याच वाटेने आले. १८१७ साली बंगालमधील जेसोर येथे उसळलेली पटकी त्याच वर्षाच्या अखेरीस लॉर्ड हेस्टिंग्ज याच्या फौजेच्या छावणीत शिरली, तेथून दक्षिणेकडे वळली, आणि १८१८ च्या पावसाळ्यात नागपूर, जालना, अहमदनगर, पुणे असे मुक्कामामागून मुक्काम करीत घाट उतरून पनवेलमार्गे ऑगस्ट महिन्यात मुंबईत दाखल झाली. पेशवाई संपून अवघे काही महिने लोटले होते. लोकांच्या दृष्टीने राज्य बदलणे आणि ही अपरिचित महामारी येणे या दोन गोष्टी जवळजवळ एकाच वेळी घडल्या. आमच्याकडील वृद्ध मंडळींच्या बोलण्यात मरीआईचा गाडा येत असे. साथ आली की हिरवा खण, लिंबे आणि नैवेद्य ठेवलेला एक लहानसा गाडा वाजतगाजत वेशीबाहेर न्यावयाचा, शेजारच्या गावाच्या हद्दीत सोडावयाचा, आणि त्या गावाने तो तसाच पुढे ढकलावयाचा. त्या रिवाजाला अज्ञान म्हणून बाजूस सारणे मला कधी जमले नाही. ज्या माणसांपाशी औषध नव्हते, वैद्य नव्हता, आणि रोगाचे कारण सांगणारेही कोणी नव्हते, त्यांना एवढे मात्र बरोबर उमगले होते की हे संकट वाटेने येते व वाटेने जाते.

मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीने ती वाट थांबली. २४ तारखेच्या रात्री पंतप्रधानांनी देशभर टाळेबंदी जाहीर केली. त्याआधीच राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा, म्हणजे प्लेगच्या धास्तीने त्या वर्षीच्या फेब्रुवारीत संमत झालेला तो जुना कायदा, दप्तरातून काढून अमलात आणला होता. महडच्या वरदविनायकाचे देऊळ भाविकांना बंद झाले, माथेरानचे घोडेवाले आणि रिक्षा ओढणारे रिकामे बसले, आणि अनेक गावांनी आपापल्या वेशीवर बांबू आडवे टाकून आणि काट्यांच्या फांद्या रचून नाकेबंदी केली. महामार्गाचा घोष मावळल्यावर ओढ्यापलीकडच्या वाडीतले बोलणे माझ्या ओटीवर ऐकू येऊ लागले. आणि त्या निवांत, परंतु मनाला मुळीच निवांत नसलेल्या दिवसांत मी धर्मप्रसारकांचे, ज्यांना आपण मिशनरी म्हणतो त्यांचे, जुने वृत्तांत वाचीत बसलो. याला कारण एक दूरध्वनी होता.

तो इटलीहून आला होता. करणाऱ्या सिस्टर मूळच्या वसईकडच्या. परिचारिकेचे शिक्षण घेतलेल्या. आमच्या शेजारच्या कर्जत तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या कातकरी वाड्यांवर त्यांनी आयुष्याची उमेदीची वर्षे घालविली. मी तेव्हा शाळेत शिकवीत होतो आणि वाड्यांवरची मुले शाळेत टिकावीत या एका खटपटीतून आमचा परिचय वाढला. मी त्यांच्या धर्माचा नव्हे, आणि धर्मांतराविषयीचे माझे मत त्यांच्यापासून मी कधी लपविले नाही. त्यांनीही आपली श्रद्धा माझ्यासमोर कधी मवाळ करून मांडली नाही. पुढे त्यांच्या संघाने त्यांची रवानगी उत्तर इटलीतील लोम्बार्दी प्रांतात, एका लहान गावच्या वृद्धाश्रमात केली. ज्या युरोपातून शतकानुशतके मिशनरी आपल्याकडे आले, त्याच युरोपातील वृद्धांची शुश्रूषा करण्यासाठी आता आपल्याकडील जोगिणी तिकडे जातात. वसईच्या ख्रिस्ती घरांना यात काही नवल वाटत नाही, परंतु मला ते फार मोठे वर्तुळ वाटते.

इटलीत ९ मार्चलाच सारा देश बंद झाला होता. १८ मार्चच्या रात्री बेर्गामो शहरातून शवपेट्या वाहून नेणाऱ्या लष्करी गाड्यांची रांग सर्व जगाने पाहिली. त्या चित्रानंतर मी सिस्टरांना निरोप पाठविला, आणि दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. "सर, आम्ही आतच आहोत," त्या म्हणाल्या. "बाहेरचे कोणी आत येत नाही, आतले कोणी बाहेर जात नाही. तुमच्याकडे वाड्यांवर धान्य पोहोचले का?" स्वतःविषयी दोन वाक्ये आणि आमच्याविषयी प्रश्न, हा त्यांच्या बोलण्याचा क्रम पुढील कित्येक महिने तसाच राहिला.

या संभाषणानंतर मी गॉर्डन हॉल याचे चरित्र पुन्हा हाती घेतले. मॅसॅच्युसेट्समधील टॉलंड या खेड्यात १७८४ साली जन्मलेला हा तरुण ६ फेब्रुवारी १८१२ रोजी सेलम येथे आपल्या चार सोबत्यांसह दीक्षा घेऊन हिंदुस्थानास निघाला. कलकत्त्यास पोहोचताच कंपनी सरकारने या मंडळींना परत जाण्याची ताकीद दिली. त्यांच्यापैकी सॅम्युएल न्यूवेल याची पत्नी हॅरिएट मॉरिशसच्या वाटेवर समुद्रात आपले नवजात मूल गमावून बसली, आणि त्या बेटावर ३० नोव्हेंबर १८१२ रोजी वयाच्या एकोणिसाव्या वर्षी वारली. हॉल आणि त्या सोबत्यांपैकी नॉट हे दोघे फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईस उतरले, तेथेही त्यांच्या रवानगीचे हुकूम सुटले, आणि गव्हर्नर सर इव्हॅन नेपियन याच्यापुढे अर्जविनंत्या करीत, एकदा तर गुपचूप कोचीनपर्यंत निसटून परत आणले जाऊन, शेवटी त्यांनी राहण्याचा परवाना मिळविला. मराठी मुलुखात अमेरिकन मिशनचे जे पुढे विस्तृत कार्य झाले त्याचा पाया असा परवान्याच्या एका कागदावर उभा आहे. हॉल मराठी शिकला, बाजारात आणि देवळांच्या आवारात उभा राहून बोलू लागला, शाळा उघडल्या, छापखाना घातला. १८२१ च्या मे महिन्यात न्यूवेल पटकीने गेला. १८२५ साली हॉलची पत्नी प्रकृती ढासळलेल्या दोन मुलांना घेऊन अमेरिकेस निघाली. त्यातला एक मुलगा वाटेतच समुद्रावर वारला. हॉल मात्र मागे राहिला होता. त्याच्या दोन मुली त्याआधीच या भूमीत पुरलेल्या होत्या.

मार्च १८२६ मध्ये तो दोन ख्रिस्ती मुलांना बरोबर घेऊन घाटावर फिरतीस निघाला. नाशकात त्या वेळी पटकीचा कहर चालू होता. तेथे तो थांबला. लोकांशी बोलला, पुस्तिका वाटल्या, आणि बरोबर आणलेले औषध आजाऱ्यांना देत राहिला. औषध संपत आल्यावर तो परतीच्या वाटेला लागला. सिन्नर तालुक्यातील दोडी-दापूर येथे एका देवळाच्या पडवीत त्याने रात्रीचा मुक्काम केला; त्याच पडवीत पटकीने आजारी असलेली माणसे पडून होती. २० मार्चला पहाटे त्याला रोगाने गाठले. उरलेसुरले औषध पोटात टिकेना. आपण वाचणार नाही हे त्याने बरोबरच्या मुलांना सांगितले, प्रार्थना केली, आणि दुपारच्या सुमारास तो गेला. पेटी नव्हती, धर्मगुरू नव्हता. त्या दोन मुलांनीच त्याला घोंगडीत गुंडाळून पुरले. त्याचे वय एक्केचाळीस वर्षांचे होते.

हा वृत्तांत पूर्वी मी वाचला होता तेव्हा त्यातील धैर्याने भारावलो होतो. टाळेबंदीत वाचताना माझे लक्ष दुसरीकडे गेले. त्या काळी पटकीवर युरोपीय वैद्य प्रामुख्याने कॅलोमेल आणि अफूचा अर्क देत. शरीरातून झपाट्याने निघून जाणारे पाणी आणि क्षार हेच मृत्यूचे कारण आहे आणि तेच भरून काढणे हा उपाय आहे, हे ज्ञान सर्वसाधारण वापरात येण्यास दीड शतकाचा अवधी होता. तेव्हा हॉलच्या औषधाने नाशकात कोणी वाचले असेल याची आशा फार थोडी. इतकेच नव्हे, वाटेने सरकणाऱ्या रोगाच्या काळात वाटेने सरकणारा माणूस, त्याचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, त्या रोगाचा वाहक होऊ शकतो. आमच्या वेशीवर काटे रचणाऱ्या तरुणांना जे कळले होते ते हॉलला कळण्याचा मार्ग नव्हता. मग प्रश्न उरतो तो असा, की औषध निरुपयोगी आणि येणे धोक्याचे, तर त्या माणसाने दिले तरी काय?

माझे उत्तर त्या पडवीपाशी आहे. मिशनरी हा मूळचा वाटेचा माणूस. 'जा' ही त्याच्या गुरूची आज्ञा, आणि त्याचे सारे जीवन या एका क्रियापदाभोवती फिरते. तो जातो, सांगतो, पुढच्या गावाला जातो. परंतु ज्या रात्री तो आजारी माणसांच्या शेजारी अंथरूण घालतो, तिथे सांगण्यासारखे काही उरलेले नसते आणि जाण्यासारखीही शक्ती नसते, त्या रात्री तो प्रथमच त्या गावचा होतो. गॉर्डन हॉल तेरा वर्षे या देशात होता, आणि माझ्या मते तो खऱ्या अर्थाने येथे पोहोचला तो दोडी-दापूरच्या देवळात. त्याने ज्या मूर्तिपूजेविरुद्ध आयुष्यभर बोलणे केले त्याच पूजेच्या एका पडवीने त्याला छप्पर दिले, आणि ते त्याने घेतले. मला या घटनेत कोणाचा विजय वा पराजय दिसत नाही. दिसते ते एवढेच, की देण्यासाठी समुद्र ओलांडून आलेल्या माणसाला शेवटी घ्यावे लागले.

अशा मरणांची ओळ या प्रांतात लांब आहे. स्कॉटिश मिशनचा पहिला धर्मप्रसारक डोनल्ड मिचेल बाणकोटास १८२३ साली आला आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात प्रवासात तापाने गेला. रॉबर्ट नेस्बिट, ज्याच्या मराठीची त्याचे समकालीन मुक्तकंठाने प्रशंसा करीत, तो मुंबईत १८५५ साली पटकीने गेला. परंतु केवळ धर्मप्रसारकांचीच मरणे मोजणे हा अन्याय होईल. आमच्याच घाटात, लोहमार्गाचे काम चालू असताना, १८५९-६० च्या सुमारास पटकीने मजुरांचे ताफेच्या ताफे नेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल येथे येऊन काही आठवड्यांतच मरण पावला आणि त्याची पत्नी अॅलिस हिने ते काम नेटाने पुढे चालविले. तिचे नाव इतिहासात राहिले आहे. ज्यांनी खडक फोडले त्या हजारोंची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, आणि आगगाडी पळसदरीहून वर चढू लागली की मला त्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

साथीच्या काळातील मिशनरीचे दुसरे रूप प्लेगने दाखविले, आणि त्याविषयी लिहिताना मन इतके सरळ राहत नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवीस डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग ओळखला, पुढील काही महिन्यांत शहराची सुमारे निम्मी वस्ती बाहेर पळाली, आणि सरकारने घरझडत्या, विलगीकरणाच्या छावण्या, स्थानकांवरील तपासण्या यांचे असे सत्र आरंभिले की लोकांना रोगापेक्षा उपायाची धास्ती अधिक वाटू लागली. त्याच वेळी दुष्काळही होता. पंडिता रमाबाई मध्य प्रांतातील दुष्काळातून अनाथ मुली आणि बालविधवा आणीत होत्या. पुण्यात प्लेगच्या निर्बंधांमुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून त्यांनी केडगावच्या आपल्या शेतावर झोपड्या घातल्या, आणि ज्या ठिकाणी पुढे मुक्ती सदन उभे राहिले तेथे त्या वस्तीचा आरंभ असा टाळेबंदीच्या रेट्याने झाला. पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील व्यवस्थेत आपल्या आश्रमातील एका मुलीचे जे झाले त्याविषयी त्यांनी १८९७ च्या मे महिन्यात बाँबे गार्डियन पत्रातून उघडपणे लिहिले, आणि ते प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. सत्ताधाऱ्यांचाच धर्म स्वीकारलेल्या एका मराठी स्त्रीने सत्ताधाऱ्यांच्या बंदोबस्ताला असे जाहीर आव्हान द्यावे, याचे मोल मला फार वाटते. आणि तरीही अन्नासाठी आलेल्या, आई-बाप गमावलेल्या मुलींना धर्म निवडण्याची मोकळीक कितपत होती, हा प्रश्न मी रमाबाईंविषयीच्या साऱ्या आदरासह बाजूला ठेवू शकत नाही. भुकेच्या काळात दिलेल्या घासाबरोबर दुसरे काही देऊ नये, असे मला वाटते. सिस्टरांशी माझा जुना वाद होता तो हाच.

त्याच वर्षी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलाला त्यांनी आपल्या पाठीवर घेऊन आपले दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात पोहोचविले, आणि तोच रोग त्यांना जडला. त्यांना कोणत्याही मंडळाने पाठविले नव्हते आणि त्या कोणत्याही समुद्रापलीकडून आल्या नव्हत्या. तरीदेखील मिशन या कल्पनेतील जे उत्तम ते सारे त्या कृतीत आहे, आणि त्यात संशयाला जागाच नाही.

आता लोम्बार्दीकडे वळतो. सिस्टरांच्या वृद्धाश्रमात मार्चच्या आरंभापासून नातेवाइकांची भेट बंद झाली होती. जी मुले दर रविवारी आईला भेटावयास येत ती खिडकीखाली अंगणात उभी राहून हात हलवीत. पुढे तेही थांबले. आश्रमातील काही वृद्धांना पक्की समजूत झाली की आपल्याला घरच्यांनी टाकले. "त्यांना दिवसातून दहादा सांगते," सिस्टर म्हणाल्या, "की साथ आहे, म्हणून येत नाहीत. दहाही वेळा त्या हो म्हणतात आणि पुन्हा विचारतात." इटालियन त्या रीतसर शिकल्या होत्या, परंतु ताप चढला की ही माणसे शाळेत शिकलेली इटालियन सोडून आपल्या खेड्याच्या बोलीत शिरत, आणि त्या बोलीचा गंध सिस्टरांना नव्हता. कर्जतच्या वाडीवर पहिल्या वर्षी असेच झाले होते, असे त्या सांगत. वसईची मराठी, पुस्तकातली मराठी, दोन्ही तेथे पांगळ्या पडल्या होत्या, आणि बाळंतिणीच्या उशाशी रात्र काढता काढता त्यांना कातकऱ्यांचे बोलणे हळूहळू कळू लागले होते. आता साठीच्या जवळ येऊन, मुखपट्टीआडून, त्यांनी तोच अभ्यास नव्याने मांडला. स्वयंपाकघरात काम करणारी एक स्थानिक बाई त्यांना रोज बोलीतले प्रश्न शिकवी: पाणी हवे का, कूस बदलू का, कोठे दुखते.

मरणे होत होती. धर्मगुरू पोहोचू शकत नव्हते. इटलीत त्या दोन महिन्यांत शंभराहून अधिक धर्मगुरू स्वतःच या रोगाने गेले. बेर्गामोच्या बिशपांनी सांगितले होते की धर्मगुरू येऊ शकत नसेल तर बाप्तिस्मा झालेल्या घरच्या माणसाने मरणोन्मुखाला आशीर्वाद द्यावा. परंतु घरचे माणूसही जेथे नव्हते तेथे हे काम सिस्टरांकडे आले. त्यांनी मला त्याविषयी फार सांगितले नाही, मीही विचारले नाही. एकदा मात्र त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही मला नेहमी म्हणायचात ना, की सेवा करा पण धर्म मध्ये आणू नका. इथे ती माणसे स्वतःच मागतात. हात धरतात आणि मागतात. मग काय करू?" मी त्यांना सांगितले की जे मागतील ते द्या. आमच्या इतक्या वर्षांच्या वादात आम्ही दोघे एका वाक्यावर स्थिर झालो ते या ठिकाणी, आणि माझे मत त्यामुळे बदलले असे नसून ते मला अधिक नीट कळले: न मागता दिलेला आणि मागून घेतलेला धर्म यांत मी ज्या सीमेची कल्पना केली होती, ती सिस्टर कोणाच्याही सांगण्यावाचून पाळीत आल्या होत्या. वाडीवर त्यांनी कोणाला नाव बदलावयास लावल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

मे महिन्यात परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी सरकारने खास विमाने सोडली. सिस्टरांच्या भावाने वसईहून त्यांना परतण्याचा आग्रह धरला. माझ्याकडेही रदबदली केली. मी सिस्टरांना त्यांच्या भावाचा निरोप जशाचा तसा सांगितला. त्यावर त्या इतक्याच म्हणाल्या की आत वीस माणसे उरली आहेत आणि हाताखाली दोघीच आहेत. हॉलला परत जाण्याची वाट शोधावी लागली असती. यांना ती सरकारी खर्चाने नसली तरी सरकारी विमानाने उघडी होती, आणि वाट उघडी असताना आत राहणे हे माझ्या दृष्टीने वाटेने निघण्याहून अधिक कठीण आहे. निघणाऱ्याला पुढचे गाव दिसत असते. राहणाऱ्यापुढे तीच खोली, तीच वीस माणसे आणि उद्याची तीच कामे.

इकडे आमच्या रस्त्यावर तेव्हा पायी चालणारी माणसे दिसू लागली होती. मुंबईतून निघून घाटाकडे, तेथून सातारा, सोलापूर, मराठवाडा, कर्नाटक अशी दूरदूरची गावे गाठू पाहणारी ही माणसे डोक्यावर बोचकी आणि कडेवर मुले घेऊन चालत होती. काही गावांनी त्यांना पाणी आणि पिठलेभाकरी दिली, काहींनी दुरूनच हाकलले. दोन्ही गोष्टी मी पाहिल्या. कातकऱ्यांची दशा वेगळी. त्यांतील कित्येक कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात, मालकाकडून घेतलेली उचल फेडीत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत तेथेच राहतात. टाळेबंदीने त्यांना भट्टीवरच गाठले. काम बंद, हिशेब अपुरा, शिधापत्रिका गावच्या पेटीत. वाडीवर राहिलेल्या म्हाताऱ्यांपाशी अंगठा जुळेना म्हणून यंत्र धान्य देईना. हे सारे मी सिस्टरांना सांगे आणि त्या तिकडून सूचना देत: अमक्या वाडीची यादी अमक्या अंगणवाडीताईंकडे आहे, तमक्याच्या नावात जुन्या कार्डावर चूक आहे, तहसील कचेरीत अर्ज देताना जातीच्या दाखल्याची प्रत जोडा. लोम्बार्दीतल्या त्या कोंडलेल्या इमारतीतून आमच्या तालुक्यांतील कुटुंबांची नावे अशी बिनचूक निघत की मला लाज वाटावी इतके माझ्या शेजाऱ्यांविषयीचे ज्ञान त्यांच्यापाशी अधिक होते. मी आणि शाळेतले दोन जुने सहकारी मिळून अर्ज लिहीत होतो. मामलेदार कचेरीतील कारकुनांनी, स्वतः धास्तावलेले असतानाही, ते काम केले.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकले. आमच्याकडेही झाडे पडली, पत्रे उडाले, वीज गेली. बरेच दिवस फोन लागेना. लागला तेव्हा सिस्टरांनी प्रथम वाडीच्या छपरांची चौकशी केली, आणि मग सांगितले की त्यांच्याकडे भेटी पुन्हा सुरू झाल्या आहेत. अंगणात, काचेच्या पडद्याआडून, घटकाभर. ज्या वृद्धेने मुलगा टाकून गेला असे ठरविले होते ती मुलाला पाहून रागाने तोंड फिरवून बसली. आठवडाभर ती त्याच्याशी बोलली नाही.

सिस्टर अजून तिकडेच आहेत. परत येणे त्यांच्या हाती नाही. संघ ठरवील तसे. वाडीतल्या बाया मला भेटल्या की 'शिस्टर कधी येनार' असे विचारतात, आणि मी तो प्रश्न पुढे पोहोचवितो. मागच्या खेपेस त्यांनी माझ्याकडे एक मागणे केले. त्या गेल्यानंतर वाडीत जन्मलेल्या मुलांची नावे त्यांना हवी होती, कारण त्यांच्या रोजच्या प्रार्थनेत वाडीची जी यादी आहे ती जुनी झाली होती. मी दुसऱ्या धर्माचा माणूस. परंतु घरोघर जाऊन मी नावे लिहून आणली आणि संध्याकाळी फोनवर एकेक वाचून दाखविली. प्रत्येक नावाला त्या आईचे नाव विचारीत, आजीचे विचारीत, आणि मग तिकडे कागदावर उतरवून घेत. शेवटच्या घराचे मूल भट्टीवरच जन्मलेले होते. त्याचे नाव लिहून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सर, भट्टीवर जन्मलेल्याला टोचणी झाली नसणार. उद्या नर्सताईंना विचारा, बीसीजी राहिली असेल तर गुरुवारी उपकेंद्रात न्यायला सांगा. त्याच्या आईला एकटीला पाठवू नका, ती घाबरते."